दहापैकी पाच

 मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांविषयी बोललो होतो. आज हिशेबच करायचा आहे, पण पैशांचा नाही. आपल्या शरीराचा आहे. आणि त्याची सुरुवात आमच्या एका गटातल्या वहिनीपासून करते. तिचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. द्राक्षाच्या पट्ट्यातलं गाव आहे, एवढं पुरे. तिला विचारूनच हे बोलते आहे.

वहिनीच्या धाकट्या मुलीला थॅलेसेमिया आहे. सहा वर्षांची पोर. तिच्या शरीरात धड रक्त तयार होत नाही, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी नाशिकला नेऊन रक्त चढवावं लागतं. डॉक्टर म्हणाले, हे कायमचं थांबवायचं असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण करता येतं. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी हाडातला मगज, त्यातल्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, हिच्या शरीरात लावायच्या. त्यासाठी घरातल्यांची एचएलए नावाची तपासणी झाली. आईची, बापाची, आणि अकरा वर्षांच्या मोठ्या भावाची. अहवाल आला. तिघांचीही जुळणी दहापैकी पाच.

आणि घरात एकदम काहूर उठलं. वहिनी रडायला लागली, "नऊ महिने माझ्या पोटात होती ती, माझंच कसं जुळत नाही?" सासूबाई म्हणाल्या, "बापाचा आणि पोरीचा रक्तगट एकच आहे, मग अडलं कुठं?" शेजारीपाजारी तर काय काय कुजबुजायला लागले, ते इथं सांगण्यासारखं नाही. दादांचा प्रश्न मात्र मला आवडला. ते म्हणाले, "ताई, मी दरवर्षी डॉगरीजच्या रानटी खुंटावर थॉमसनची काडी भरतो. कलम झकास धरतं. वेलीला चालतं, मग माणसाला का चालत नाही?"

मी बी.ए. झालेली. विज्ञान दहावीपर्यंतचंच. पण गटाच्या बैठकीत प्रश्न आला की उत्तर शोधून आणायचं, हा आपला नियम. म्हणून डॉक्टरांकडे दोनदा जाऊन बसले, पुस्तकं आणली, वाचली. आणि गंमत अशी, की या सगळ्याचं उत्तर पहिल्यांदा सापडलं ते उंदरांमध्ये! आपल्याकडे उंदीर म्हटलं की कणगीला लागलेला नाहीतर ठिबकची नळी कुरतडलेला. पण या उंदरांचे उपकार ऐकाल तर थक्क व्हाल.

गोष्ट सुरू होते एका बाईपासून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रॅन्बी नावाच्या गावात ॲबी लॅथ्रॉप नावाची बाई राहायची. जन्म १८६८ चा. आधी शाळेत शिकवायची, पण तब्येत साथ देईना म्हणून ते सोडलं. मग कुक्कुटपालन करून पाहिलं. ते बसलं. आपल्या गटांमध्येही किती जणींचं बसलंय, आठवा! मग तिनं रंगीबेरंगी शोभेचे उंदीर पाळून विकायला सुरुवात केली. लोक ते हौसेनं पाळायचे. एका जोडीपासून सुरू झालेला धंदा इतका वाढला, की एका वेळी तिच्याकडे अकरा हजारांहून जास्त उंदीर असायचे. लाकडी पेट्या, त्यात गवत, खायला ओट. पेट्या साफ करायला गावातली पोरं लावलेली, तासावर पैसे घेणारी.

पण तिची खरी कमाई होती तिची वही. कुठली मादी, कुठला नर, पिल्लं किती, कुठल्या पिढीत कुणाला गाठ आली, सगळं ती लिहून ठेवायची. काही उंदरांच्या अंगावर गाठी दिसल्या, तेव्हा तिनं ते शास्त्रज्ञांना कळवलं. लिओ लोब नावाच्या डॉक्टरांबरोबर तिनं त्यावर अभ्यास केला आणि तिचं नाव शोधनिबंधांवर छापून आलं. हार्वर्ड विद्यापीठातले लोक तिच्याकडून उंदीर विकत न्यायचे. तिच्याच गोठ्यातून आलेल्या ५७ नंबरच्या मादीपासून पुढं एक वाण तयार झाला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत सगळ्यात जास्त वापरतात तो काळा उंदीर त्याच वंशाचा आहे. २००२ साली उंदराच्या जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला, तोही त्याच वाणाचा. म्हणून मी म्हणते, गटाची वही नीट लिहा. कुणाला माहीत, कधी कुठं उपयोगी पडेल!

आता उंदराचा वाण म्हणजे काय? सख्ख्या भावा-बहिणीची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांतून पुन्हा तसंच, अशा वीस-वीस पिढ्या. मग त्या वाणातले सगळे उंदीर जुळ्यांसारखे एकसारखे होतात. अशा उंदरांवर एक प्रयोग झाला. एकाच वाणातल्या एका उंदराच्या कातडीचा तुकडा दुसऱ्याला लावला, तर छान चिकटतो. दुसऱ्या वाणाचा लावला, तर दहा-बारा दिवसांत काळा पडून गळून जातो. म्हणजे उंदराच्या शरीराला कळतं, हे आपलं आणि हे परक्याचं. पण कशावरून कळतं?

१९३६-३७ च्या सुमारास लंडनमध्ये पीटर गोरर नावाच्या शास्त्रज्ञाला उंदरांच्या रक्तपेशींवर एक खूण सापडली. ही खूण जुळली तर गाठीचा तुकडा दुसऱ्या उंदरात रुजायचा, नाही जुळली तर शरीर तो हाकलून द्यायचं. तिकडं अमेरिकेत जॅक्सन प्रयोगशाळेत जॉर्ज स्नेल यांनी वर्षानुवर्षं संकर करून असे उंदीर तयार केले, जे बाकी सगळ्या बाबतीत सारखे, फक्त या एकाच खुणेत वेगळे. दोघांच्या कामाचा मेळ बसला आणि त्या खुणेच्या जागेला नाव पडलं एच-टू. उंदराच्या सतराव्या गुणसूत्रावर ती जनुकं आहेत. माणसात हीच जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आहेत आणि त्यांना म्हणतात एचएलए. वहिनीच्या कागदावर लिहिलेलं हेच ते. फ्रान्सचे ज्याँ दोसे यांनी १९५८ मध्ये माणसातली पहिली अशी खूण दाखवली. स्नेल, दोसे आणि बेनासेराफ या तिघांना १९८० मध्ये नोबेल मिळालं. गोरर १९६१ मध्येच वारले होते, त्यामुळे त्यांच्या वाट्याला ते आलं नाही.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती आपली आहे. माणसातल्या या खुणा ओळखायला ज्यांचं रक्त उपयोगी पडलं, त्या होत्या तीन-तीन, चार-चार बाळंतपणं झालेल्या बायका. बाळाच्या अंगावर बापाच्या खुणा असतात. गरोदरपणात आणि बाळंतपणात त्या थोड्याफार आईच्या रक्तात येतात आणि आईचं रक्त त्या ओळखायला शिकतं. १९५८ मध्ये अमेरिकेत रोझ पेन नावाच्या बाईंनी आणि हॉलंडमध्ये यॉन व्हान रूड यांनी हे दाखवलं. पुढं कित्येक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा अशा आयांच्या रक्तातल्या द्रवानंच जुळणी तपासायच्या. आपण म्हणतो ना, बाई बाळंतपणात झिजते. झिजताना ती जगाला केवढं शिकवूनही गेली!

आता ही खूण दिसते तरी कशी? ते समजायला एक उदाहरण घेऊ.

समजा, गावातल्या प्रत्येक घराला एक नियम आहे. घरात जे काही शिजतंय, त्याचा एक घास ताटलीत घालून उंबऱ्याबाहेर ठेवायचा. गल्लीतून राखणदार फिरतो. तो घरात शिरत नाही. ताटलीतला घास बघतो आणि पुढं जातो. रोजचीच भाजी-भाकरी दिसली तर ठीक. पण एखाद्या घराच्या ताटलीत भलताच घास दिसला, की तो ओळखतो, या घरात चोर शिरलाय.

आपली प्रत्येक पेशी म्हणजे असं घर. ताटली म्हणजे ही खूण, उंदरात एच-टू, माणसात एचएलए. घास म्हणजे पेशीत तयार झालेल्या प्रथिनाचा छोटासा तुकडा. राखणदार म्हणजे टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी. घरात विषाणू शिरला, की त्याच्या प्रथिनाचा तुकडा ताटलीत येतो आणि टी-पेशी ते घरच पाडून टाकते, म्हणजे रोग शेजारी पसरायला नको.

ताटलीची घडणही शास्त्रज्ञांनी पाहिली आहे. १९८७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात पामेला ब्यॉर्कमन या तरुण बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या अशा एका ताटलीचं चित्र क्ष-किरणांनी मिळवलं. उंदराची ताटलीही पुढं तशीच निघाली. खाली एक दांडा, तो पेशीच्या कातडीत रोवलेला. बाजूला आधाराला एक छोटं प्रथिन. आणि वरती एक खाच. खाचेचा तळ सपाट, आठ पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्यासारखा, आणि दोन बाजूंना पिळदार दोरासारखे दोन बांध. आपल्या मळ्यातला पाट आठवा, दोन्हीकडं वरंबा आणि मधे सरी. त्या सरीत प्रथिनाचा आठ-दहा मण्यांचा तुकडा बसतो. ही झाली पहिल्या जातीची ताटली, जवळजवळ प्रत्येक पेशीवर असते. दुसऱ्या जातीची ताटली फक्त पहारेकरी पेशींवर असते. तिची सरी दोन्ही टोकांना उघडी असते, म्हणून तिच्यात जरा लांब तुकडा मावतो. बाहेरून गिळलेल्या जंतूचा नमुना ती दाखवते.

राखणदार नुसता घास बघत नाही, ताटलीही बघतो. हेही उंदरांनीच शिकवलं. १९७३-७४ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथं पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी पाहिलं, की विषाणू लागलेल्या पेशींना उंदराच्या टी-पेशी मारतात खऱ्या, पण त्या पेशींची एच-टू खूण स्वतःच्यासारखी असेल तरच. ताटली ओळखीची आणि घास परका, अशी दोन्ही गोष्टींची खात्री त्या करतात. यातले डोहर्टी शिकलेले गुरांचे डॉक्टर म्हणून! १९९६ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

मग दुसऱ्याचं कातडं किंवा मूत्रपिंड लावल्यावर काय होतं? राखणदाराला सगळ्या घरांसमोर अनोळखी ताटल्या दिसतात. त्याला वाटतं, सगळी आळीच चोरांनी बळकावली. तो हल्ला करतो. दादांच्या द्राक्षवेलीत असे फिरते राखणदार नसतात. म्हणून जवळच्या जातीच्या खुंटावर काडी रुजते. कलम धरताना वेलीत आपल्यासारख्या ताटल्या तपासायला कुणी नसतं, आपल्यात असतं. दादांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे वेल साधी आणि माणूस संशयी!"

आता येऊ विविधतेवर. रक्तगट आपल्याला माहीत आहेत, ए, बी, एबी आणि ओ. चारच. कधीतरी वेगळं निघतं. आपल्या मुंबईतच १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या चारांत न बसणारा रक्तगट सापडला, त्याला जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात. पण तरी रक्तगटांचा हिशेब बोटांवर मावतो. एचएलएचं तसं नाही. माणसांमध्ये या जनुकांचे आजवर तीस हजारांहून जास्त प्रकार नोंदले गेले आहेत. रानातल्या उंदरांमध्येही असेच चिक्कार प्रकार असतात. आणि हे फरक कुठं असतात? दांड्यात फारसे नाहीत. बहुतेक फरक असतात त्या सरीत, तळात आणि वरंब्यात. म्हणजे जिथं घास बसतो, नेमकं तिथंच. साचा बदलला की मोदकाचा आकार बदलतो. तसं सरी बदलली की तिच्यात मावणारा घास बदलतो.

इतके प्रकार कशाला? दादांच्याच भाषेत सांगते. सगळ्या पट्ट्यात एकच वाण लावला आणि त्या वाणाला डाऊनी लागला, तर एकाचा नाही, सगळ्यांचा माल जातो. तसंच सगळ्या माणसांची ताटली एकसारखी असती आणि एखाद्या जंतूचा एकही घास तिच्यात मावला नसता, तर राखणदार कुणालाच सावध करू शकला नसता. साथ आली असती आणि गावच्या गाव गेलं असतं. ताटल्या वेगवेगळ्या आहेत, म्हणून कुणीतरी तरतंच. आपण एकमेकींपासून वेगळ्या आहोत, हीच आपल्या सगळ्यांची राखण आहे.

पण हाच वेगळेपणा प्रत्यारोपणाच्या वेळी आडवा येतो. आता वहिनीच्या अहवालाचं उत्तर मिळेल. नीट ऐका.

एचएलएची जनुकं एकमेकांना चिकटून असतात, एका जुडीत बांधल्यासारखी. आईकडं दोन जुड्या, बापाकडं दोन जुड्या. मुलाला आईची एक आणि बापाची एक मिळते. आणि दोन्ही जुड्या काम करतात, एक दिसते आणि एक लपते असं नाही. डॉक्टर साधारण पाच जागा बघतात. एका जुडीत पाच, दोन जुड्या मिळून दहा. मुलीच्या दहापैकी पाच आईच्याच आहेत, पाच बापाच्याच. म्हणून आईची जुळणी दहापैकी पाच आली. ती तशीच यायला हवी! उलट दहापैकी पाच आली, म्हणजे ती पोर त्याच आईची आणि त्याच बापाची, याचीच ती साक्ष आहे. कुजबुजणाऱ्या बायकांना मी हे भर बैठकीत सांगितलं. मग सगळ्या गप्प.

उंदरातही असंच आहे. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून झालेल्या पिल्लाला आईच्या वाणाची कातडी चालते, बापाच्याही वाणाची चालते, कारण त्याच्याकडं दोन्ही ताटल्या आहेत. पण पिल्लाची कातडी आईला लावली तर ती गळते, कारण तिला बापाची ताटली परकी. माणूस शुद्ध वाणाचा नसतो, म्हणून आपल्याकडं आई-लेकरात दोन्ही बाजूंनी अर्धीच जुळणी.

"मग नऊ महिने पोटात ते बाळ कसं राहिलं?" वहिनीनं लगेच विचारलं. फार शहाणा प्रश्न. त्याचं कारण वार. वारेच्या ज्या पेशी आईच्या शरीराला टेकलेल्या असतात, त्या नेहमीच्या ठळक ताटल्या बाहेर ठेवतच नाहीत. त्या एक वेगळीच, शांत ठेवणारी ताटली ठेवतात, तिला एचएलए-जी म्हणतात. बाकीही काही व्यवस्था असतात. थोडक्यात, पोटात असताना बाळ बापाची पाटी झाकून बसतं.

आणि सासूबाईंचा प्रश्न, रक्तगट जुळतो तर मगज का नाही? तर माणसाच्या तयार लाल पेशींवर या एचएलए ताटल्या जवळजवळ नसतातच. म्हणून रक्त देताना रक्तगट आणि त्याची नेहमीची तपासणी पुरते. मगजाचं तसं नाही. त्यातून नवीन राखणदारच तयार होणार असतात. ताटल्या जुळल्या नाहीत, तर रुग्णाचं शरीर मगज नाकारू शकतं, आणि उलटही होतं. नवीन राखणदार रुग्णाच्या कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर हल्ला करतात. म्हणून मगजासाठी जुळणी फार काटेकोर बघतात. उलट रक्तगट वेगळा असला तरी मगज देता येतो.

भावाचं काय? सख्ख्या भावंडाला आईच्या दोन जुड्यांपैकी कुठली आणि बापाच्या दोनांपैकी कुठली मिळेल, हे नशिबावर. चार शक्यता. म्हणून भावंडाची पूर्ण जुळणी व्हायची शक्यता चारात एक, अर्धी जुळायची चारात दोन, आणि अजिबात न जुळायची चारात एक. थॅलेसेमियाचं जनुक वेगळ्या, अकराव्या गुणसूत्रावर आहे, त्याचा या सोडतीशी संबंध नाही. आई-बाप दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यताही चारात एक, म्हणजे निरोगी किंवा नुसतं वाहक असण्याची चारात तीन. दोन्ही एकत्र धरलं तर जुळणारं आणि देऊ शकणारं भावंड मिळायची शक्यता सोळात तीन. वाहक भावंडाचा मगज चालतो, हेही लक्षात ठेवा.

आता ज्याच्यामुळं हा विषय मी बोलायचा ठरवला, त्या पोराविषयी. मोठा भाऊ पाचवीत आहे. अहवाल आल्यापासून तो जेवेना, बोलेना. एक दिवस मी गेले तर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, दहापैकी पाच म्हणजे पास तरी ना? मी अजून अभ्यास केला तर वाढतील का?" त्या लेकराला वाटत होतं, आपण नापास झालो म्हणून बहिणीला सुया टोचतात. आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं, की त्याला हे समजावून सांगायला हवं. मग मी त्याला चार चिंचोके दिले. दोन आईचे, दोन बापाचे. म्हटलं, डोळे मिटून यांच्यातला एक, त्यांच्यातला एक उचल. दहा-बारा वेळा उचलायला लावले. तेव्हा त्याला पटलं, की ही परीक्षा नव्हती, सोडत होती. मैत्रिणींनो, घरात अशी तपासणी झाली तर लहान भावंडांशी आधी बोला.

आता पुढचा मार्ग. अर्ध्या जुळणीवरही आता काही ठिकाणी प्रत्यारोपण करतात, पण त्यात जोखीम जास्त, ते कुणाला चालेल हे डॉक्टरच ठरवतात. दुसरा मार्ग म्हणजे परक्या दात्याचा शोध. जगभरच्या नोंदणी संस्थांमध्ये मिळून चार कोटींहून जास्त दात्यांची नावं आहेत. पण त्यात भारतीय फार थोडे. आणि आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत लग्नं झाल्यामुळं प्रत्येक समाजात काही ठरावीक जुड्या फिरत राहिल्या आहेत. त्यामुळं आपल्या माणसाची जुळणी आपल्याच भागातल्या, आपल्याच समाजातल्या माणसात सापडण्याची शक्यता जास्त. ती नावंच नोंदलेली नसतील, तर सापडणार कुठून?

आपल्या महाराष्ट्रात हे काम नवीन नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपण करून देशात या उपचाराची वाट पाडली. लहानपणी पोलिओ झाल्यामुळं ते स्वतः चाकाच्या खुर्चीवर. आणि त्याही आधी, मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या कमल रणदिवे होत्या. जन्म पुण्याचा, १९१७ चा. त्यांनी १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभारायला पुढाकार घेतला, १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आणि आपल्या सिन्नर-इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचंही त्यांनी काम केलं. उंदरांच्या पिंजऱ्यापासून कुपोषित लेकरापर्यंत एकच बाई पोचली. आपल्याला निदान गालाचा नमुना देण्यापर्यंत पोचायला काय हरकत आहे?

हो, नोंदणीला एवढंच लागतं. वय अठराच्या पुढं, साधारण पन्नाशीच्या आत, तब्येत निरोगी. कापसाच्या काडीनं गालाच्या आतून नमुना घेतात. पुढं कुणाशी जुळलं तरच बोलावणं येतं. तेव्हा बहुतेक वेळा हाड टोचावं लागत नाही. चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, मग हातातून रक्त काढून, यंत्रातून मूळ पेशी वेगळ्या करून, बाकीचं रक्त परत देतात. काही तासांचं काम. कधी मगजच हवा असेल तर भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात. मणक्यातून नाही! दिलेल्या पेशी काही आठवड्यांत शरीर पुन्हा भरून काढतं.

पण एक गोष्ट कळकळीनं सांगते. नाव नोंदवायच्या आधी घरात बोला, नवऱ्याशी, सासूशी, मुलांशी. कारण दाता मिळाल्यावर रुग्णाचा स्वतःचा मगज औषधांनी पूर्ण नाहीसा करतात. त्यानंतर दाता "घरचे नको म्हणतात" म्हणून मागं फिरला, तर त्या रुग्णाचा जीव धोक्यात येतो. नोंदणी न केलेली परवडली, पण शब्द देऊन फिरवू नका.

आणि लग्न ठरवताना, विशेषतः नात्यात ठरवताना, मुला-मुलीची एचबीए-टू ही थॅलेसेमिया वाहकाची तपासणी करून घ्या. वाहक असणं म्हणजे आजार नव्हे, लग्न मोडायचं कारणही नव्हे. पण दोघंही वाहक आहेत हे आधी कळलं, तर गरोदरपणात वेळेवर तपासणी करता येते. पत्रिकेतले गुण बघता, हाही एक बघा.

मागच्या महिन्यात आमच्या गावांतल्या गटांनी मिळून नोंदणीचा एक दिवस ठेवला. गटातल्या तरण्या बायका आल्या, त्यांचे दीर-नणंदा आले. मीही नमुना दिला. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं, की यातलं कुणी वहिनीच्या पोरीलाच जुळेल, ही शक्यता फार कमी आहे. तरी रांग मोडली नाही. एक म्हातारी म्हणाली, "आपल्या पोरीला नाही तर दुसऱ्या कुणाच्या पोरीला जुळंल. त्यांच्या गावातलं कुणी आपल्याला जुळंल." बचत गटाचं तत्त्व याहून वेगळं काय आहे? प्रत्येकीनं आपला वाटा टाकायचा. कुणाच्या अडचणीला तो कधी लागेल, हे टाकताना ठाऊक नसतं.

वहिनीची पोर अजून महिन्याला नाशिकला जाते. शोध सुरू आहे. त्या दिवशी मोठा भाऊ सकाळपासून मंडपात होता. वय बसत नाही, म्हणून त्याचा नमुना कुणी घेतला नाही. मग त्यानं सगळ्यांना पाणी दिलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला चिंचोके दाखवून जुळणी समजावली. माझ्यापेक्षा चांगली.

तुमच्या मनात काही प्रश्न असतील तर गटाच्या बैठकीत विचारा. उत्तर शोधून आणू.